आकाशाची निळाई आणि आमचा मोतीबिंदू

गेल्या कार्तिकात आम्ही आमच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढविला. आमच्या आजोबांच्या मोतीबिंदूच्या वेळी त्यांस डोक्याच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या लावून कित्येक दिवस उताणे निजविले होते आणि घरात खलबत्त्याचा आवाजदेखील होऊ दिला नव्हता, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आम्ही मात्र सकाळी गेलो ते दुपारच्या चहाला घरी परत. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली, आम्ही अंगणात आलो, वर पाहिले आणि तेथेच खिळून उभे राहिलो. उजव्या डोळ्याने पाहावे तो आकाश इतके निळे, की ते आपण यापूर्वी कधी पाहिले होते याची आठवणही होईना. उजवा झाकून डाव्याने पाहावे तो तेच आकाश जुन्या पोथीच्या पानासारखे पिवळट आणि धुरकट. एकदा हा डोळा, एकदा तो, असा आमचा खेळ बराच वेळ चालला होता. अखेर नातीने घरात जाऊन वर्दी दिली, की आजोबा अंगणात उभे राहून आभाळाला डोळे मिचकावीत आहेत.

तपासणीस गेलो तेव्हा ही हकीकत आम्ही डॉक्टरीणबाईंस सांगितली. त्या म्हणाल्या, "पिवळेपणा वयाचा. पण धूसरपणा निराळा. भिंगातली प्रथिने गोळा होतात आणि आत येणारा प्रकाश विखुरतात. आकाश निळे दिसते ते तरी काय, प्रकाश विखुरतो म्हणूनच." एवढे बोलून त्यांनी थेंबांची चिठ्ठी लिहिली आणि पुढच्या रुग्णास हाक मारली. त्यांच्या दृष्टीने विषय तेथेच संपला; आमच्या दृष्टीने तो तेथे सुरू झाला. एकच क्रिया आभाळात घडली म्हणजे तिला शोभा म्हणावयाचे आणि डोळ्यात घडली म्हणजे शस्त्राने काढून टाकावयाचे, हा प्रकार आम्हांस उलगडेना.

आम्ही जन्मभर संस्कृत शिकविले. आकाशास रूप नाही, शब्द हा त्याचा गुण, हे तर्कसंग्रहात आम्ही स्वतः घोकले आणि दोन पिढ्यांकडून घोकून घेतले. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी अध्यास समजाविताना दाखला घेतला आहे तोही आकाशाचाच: जे डोळ्यास दिसतच नाही त्या आकाशावर अजाण माणसे तळ आणि मळकटपणा यांचा आरोप करितात. म्हणजे निळेपण आकाशाचे नव्हे, इतके आमच्या पूर्वजांनी स्वच्छ सांगितले होते. मग ते कोणाचे, हा प्रश्न त्यांच्या प्रयोजनाचा नव्हता आणि आम्हांसही कधी पडला नाही. मोतीबिंदूचेही तसेच. सुश्रुताने तिमिर, काच आणि लिंगनाश अशा पायऱ्या सांगितल्या आहेत. दृष्टी जाण्याच्या वाटेवरील एका पायरीस 'काच' हे नाव आहे, याचे कौतुक आम्ही वर्गात अनेकदा केले. परंतु स्वच्छ काच मळते ती का, हे विचारण्याचे सुचले ते स्वतःची मळल्यावर.

येथवर हा लेख कुतूहलाचा झाला. परंतु तो लिहावयास बसण्याचे खरे कारण निराळे आहे, आणि ते सांगावयाचे म्हणजे सन १९८७ मध्ये जावे लागते.

त्या वर्षी २८ फेब्रुवारीस देशात पहिला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा झाला. आम्ही तेव्हा रत्नागिरीकडील एका किनाऱ्यावरील गावी शिक्षक होतो. दिवस शनिवारचा, शाळा सकाळची. शास्त्राचे मास्तर रजेवर. हेडमास्तरांनी सांगितले, "रामन यांच्यावर चार शब्द तुम्हीच बोला." आम्ही तिशीच्या आतले, वाणी तयार, आत्मविश्वास विषयाच्या ज्ञानाहून कितीतरी मोठा. रामन यांचा जन्म, त्यांचे नोबेल पारितोषिक, मातृभूमीची मान कशी उंचावली, हे सर्व सांगून झाले; तरी तास उरला. तेव्हा भरीला म्हणून आम्ही प्रकाशाकडे वळलो आणि सांगितले, की आकाश निळे दिसते ते हवेतील धुळीच्या कणांमुळे, आणि समुद्र निळा दिसतो तो त्यात आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून.

सातवीतील एक मुलगा उभा राहिला. घरची होडी असलेला, दर्यावर जाणाऱ्या कुटुंबातला. म्हणाला, "गुरुजी, आभाळ भरलेलं असलं तरी लांब बाहेर दर्या निळाच असतो. होडीच्या कडेवरून सरळ खाली बघायचं." आम्ही म्हटले, "पुस्तकात आहे ते खरे की तुझे?" त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "बघितलंय ते." मुले हसली. ती पुस्तकास हसली की त्यास की आम्हांस, हे त्या वेळी आम्हांस नीट कळले नाही; मात्र आम्ही ते आमच्यावरच घेतले. त्यास पुढे बोलावून आम्ही हातावर दोन छड्या दिल्या. विज्ञान दिन होता, हे पुन्हा लिहून ठेवितो.

पुढच्या वर्षी त्याने शाळा सोडली. वडील आजारी होते, होडीवर माणूस कमी होता, अशी कारणे कानावर आली आणि ती खरीही असतील. आमच्या छडीचा त्यात भाग होता असे म्हणवत नाही. नव्हता, असेही म्हणवत नाही.

आता पुन्हा कार्तिकात येतो. आमच्या धाकट्या सूनबाई महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवितात. रात्री पाने घेतली असता आम्ही डॉक्टरीणबाईंचे वाक्य काढले आणि सहज म्हटले, "म्हणजे हवेतल्या धुळीसारखीच ही डोळ्यातली धूळ म्हणावयाची." त्यांनी आमटी वाढता वाढता विचारले, "बाबा, धुळीने आकाश निळे होत असेल, तर ते अधिक निळे कधी दिसायला हवे? वैशाखात की आश्विनात?"

आम्ही घास हातात घेऊन बसून राहिलो. वैशाखात रस्त्याची धूळ उडून सगळा आसमंत भरतो आणि आकाश पांढुरके, मेणचट दिसते. पावसाने हवा धुऊन निघाली की आश्विनात ते गडद निळे होते. शरदातील निर्मळ आकाशाची वर्णने आम्ही इतकी वर्षे अन्वयासकट शिकविली. पण त्या वर्णनांतच आमच्या धुळीच्या उपपत्तीचे खंडन बसले आहे, हे एका प्रश्नाने दिसले. धुळीचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने मोठे असतात. ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, म्हणून धुळीने आकाश पांढरे होते, निळे नव्हे.

मग त्या रात्री आणि पुढच्या आठ-पंधरा रात्री आमच्या घरात एक लहानसा वर्गच भरला. शिक्षिका सूनबाई, विद्यार्थी आम्ही आणि नात. पहिला पाठ दुधाचा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात दुधाचे चार थेंब टाकले आणि अंधार करून एका बाजूने दिवा धरला. बाजूने पाहता पाणी फिके निळसर. पेल्यातून थेट दिव्याकडे पाहता दिवा तांबूस. आणखी दूध घातले तेव्हा सर्वच पांढरे. पेल्यातील निळसर ते दुपारचे आकाश, तांबूस तो मावळता सूर्य. सायंकाळी सूर्यकिरण हवेच्या फार लांब थरातून येतात, वाटेत निळा भाग इकडेतिकडे सांडत जातो आणि आपल्यापर्यंत तांबडा उरतो. 'सांडणे' हा शब्द नातीचा. शास्त्राच्या परिभाषेत त्यास प्रकीर्णन म्हणतात. दूध वाया गेले म्हणून घरच्या मंडळींनी नाक मुरडले, तेही येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८६९ साली काचनळीत अतिसूक्ष्म कणांचा ढग तयार करून असाच निळा रंग दाखविला होता. १८७१ मध्ये लॉर्ड रॅली या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या विद्वानाने त्याचे गणित मांडले: कण तरंगलांबीहून फार लहान असेल, तर विखुरलेल्या प्रकाशाचे मान तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. निळ्याची तरंगलांबी ४५० नॅनोमीटर आणि तांबड्याची ६५० धरा, गुणोत्तर १.४४; त्याचा वर्ग सुमारे २.०९, आणि त्याचा पुन्हा वर्ग सुमारे ४.३५. म्हणजे तांबडा एक भाग विखुरला जातो तेथे निळा सव्वाचार भागांहून अधिक. जांभळा तर याहून अधिक विखुरतो. पण सूर्यप्रकाशात तो मुळात कमी आणि आपला डोळाही त्याच्या बाबतीत मंद, म्हणून आकाश जांभळे न वाटता निळे वाटते.

आता हे सूक्ष्म कण कोणते? मॅक्सवेलने १८७३ साली रॅलीस पत्र लिहून विचारले होते, की हवेचे रेणूच हे काम करीत असतील तर काय? उत्तर प्रसिद्ध झाले १८९९ मध्ये. मॅक्सवेल १८७९ मध्येच निवर्तला होता. रॅलीने गणिताने दाखविले, की धूळ मुळीच नसली तरी केवळ हवेच्या रेणूंनी आकाशाची बहुतेक निळाई साधते. त्या लेखात त्याने आधारास काय घेतले आहे? दार्जिलिंगच्या परिसरातून शंभर मैलांवरचे एव्हरेस्ट शिखर बऱ्यापैकी उजळ दिसते, ही गोष्ट! हवा प्रकाश किती विखुरते आणि किती सोडते याचे माप आपल्या हिमालयाने दिले, हे वाचून आम्हांस उगाच अभिमान वाटला.

येथे आम्ही एक शंका काढली. जुन्या शिक्षकास विद्यार्थी झाल्यावरही शंका काढल्याविना राहवत नाही. हवेत रेणू अगणित आणि दाट. एका रेणूने डावीकडे तरंग पाठविला, तर त्यापासून नेमक्या अंतरावर दुसरा रेणू असणारच, की ज्याचा तरंग पहिल्याच्या उलट पडेल आणि दोन्ही एकमेकांस मारतील. जमेस एक रुपया, खर्चास एक रुपया, शिल्लक शून्य. मग बाजूला प्रकाश जाईल कसा? सूनबाई म्हणाल्या, "बाबा, ही शंका खरीच आहे. रेणू जर अगदी सारखे पसरलेले असते, तर बाजूला काहीच गेले नसते आणि दिवसादेखील सूर्य सोडून आकाश काळे दिसले असते. पण ते सारखे पसरलेले नसतात."

मग त्यांनी पंगतीचा दाखला दिला. शंभर माणसे येतील अशा अंदाजाने पाने मांडली आणि प्रत्येकजण स्वतंत्रपणे, आपापल्या मर्जीने आला, तर येणारांची संख्या साधारणपणे शंभराच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे दहाने, इकडे-तिकडे होते. दहा हजारांच्या अंदाजात ती शंभराने हलते. संख्या वाढली की चूक वाढते, पण प्रमाणाने पाहता कमी होते. आता हवेचा एक घन घ्या, बाजू अर्धा मायक्रॉन, म्हणजे सुमारे प्रकाशाच्या एका तरंगलांबीएवढी. समुद्रसपाटीस एक घनमीटर हवेत २५ वर २४ शून्ये इतके रेणू असतात. त्या हिशेबाने आमच्या घनात सुमारे ३० लाख येतात. वर्गमूळ सुमारे १,७००. म्हणजे शेजारशेजारच्या दोन घनांत दहा हजारी सहा इतकाच कमीजास्तपणा. आणि तोही क्षणोक्षणी बदलणारा. जमाखर्च जुळत नाही तो एवढ्यापुरता. परंतु आभाळात जी निळाई दिसते ती सगळी या न जुळलेल्या शिलकेची. आणि त्यात एक सुंदर गंमत अशी, की शिल्लक वर्गमुळाइतकी, तिचे तेज तिच्या वर्गाइतके. वर्गमुळाचा वर्ग म्हणजे पुन्हा मूळ संख्या. म्हणून प्रत्येक रेणू जणू स्वतंत्रपणे विखुरतो असे धरून रॅलीने सरळ बेरीज केली, तीच बरोबर ठरली. हे कळले तेव्हा आम्ही पाटावरून उठून ओसरीवर दोन फेऱ्या घातल्या.

हा कमीजास्तपणाचा विचार प्रथम ज्याने स्पष्ट मांडला तो पोलिश शास्त्रज्ञ मारियान स्मोलुकोव्स्की. कार्बनिक आम्लवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, नळीत दाबून सुमारे ३१ अंश उष्णमानास आणला, की द्रव आणि वायू हा भेदच मावळू लागतो, आणि त्या घटकेस ती पारदर्शक नळी एकाएकी दुधाळ होते. सूनबाईंनी भ्रमणध्वनीवर त्याचे चलच्चित्र दाखविले. स्वच्छ नळीत कोणी अदृश्य हाताने दूध ओतावे तसे ते दिसते. १९०८ साली स्मोलुकोव्स्कीने सांगितले, की त्या अवस्थेत पदार्थास दाटी करावयास किंवा विरळ व्हावयास जवळजवळ श्रमच पडत नाहीत, म्हणून घनतेचे चढउतार बेसुमार वाढतात आणि प्रकाश विखुरला जातो. १९१० मध्ये आइन्स्टाइनने त्याचे रीतसर गणित करून दाखविले, आणि आकाशाची निळाई त्याच सूत्रातून बाहेर पडली. स्मोलुकोव्स्की १९१७ मध्ये वयाच्या ४५व्या वर्षी अतिसाराने वारला. आइन्स्टाइनचे नाव आमच्या नातीसही ठाऊक आहे. याचे नाव आम्ही साठी उलटल्यावर ऐकले.

पाण्यात रेणू हवेच्या हजारपटीहून अधिक दाट. पण ते एकमेकांस रेटून धरतात, मोकळेपणाने गर्दी करू देत नाहीत. म्हणून हजारपट न विखुरता पाणी हवेच्या सुमारे दीडशेपटच प्रकाश विखुरते. येथे सूनबाई म्हणाल्या, "हे समुद्राच्या पाण्याला प्रथम लावून पाहिले ते रामन यांनी." आणि पुढे जे सांगितले ते ऐकताना आमच्या हातातली सुपारी हातातच राहिली.

१९२१ साली रामन ऑक्सफर्डच्या विद्यापीठ परिषदेस गेले होते. वय ३२. परत येताना 'नारकुंडा' या आगबोटीवरून भूमध्य समुद्राचा निळा रंग त्यांनी पाहिला. रॅलीचे मत असे होते, की खोल समुद्राची निळाई म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब. रामन यांच्याजवळ निकोलचा लोलक होता. पाण्याच्या पृष्ठावरून विशिष्ट कोनात, लंबापासून सुमारे ५३ अंशांत, परावर्तित होणारा प्रकाश एकाच दिशेत कंप पावणारा असतो. लोलक योग्य रीतीने फिरविला की तो पुसला जातो. रामन यांनी प्रतिबिंब असे पुसून टाकले आणि पाहिले, तर समुद्र निळाच. उलट अधिकच निळा. आगबोट मुंबई बंदरात लागली तेव्हा 'नेचर' या नियतकालिकास धाडलेल्या पत्रावर त्यांनी तारीख घातली २६ सप्टेंबर. त्याच वाटेने ते पुढे १९२८च्या २८ फेब्रुवारीपर्यंत पोहोचले.

म्हणजे १९८७च्या त्या शनिवारी आम्ही रामन यांचा जयजयकार करीत जे सांगितले, ते चुकीचे आहे हे दाखविण्यानेच रामन यांच्या त्या कार्यास आरंभ झाला होता. आणि जो मुलगा रामन यांच्या बाजूने बोलत होता, त्यास आम्ही रामन यांच्या तसबिरीपुढे छड्या दिल्या. त्याच्यापाशी लोलक नव्हता. होडीची कड होती, आणि कडेवरून सरळ खाली पाहिले असता आकाशाचे प्रतिबिंब फारच थोडे आड येते, हे त्यास कोणी न सांगता सापडले होते.

न्यायासाठी एवढे सांगितले पाहिजे, की रामन यांचेही उत्तर संपूर्ण नव्हते. पाणी तांबडा प्रकाश स्वतः थोडा थोडा शोषून घेते. पेल्यात ते कळत नाही, खोलीत कळते. उरलेला निळा भाग विखुरून वर परत येतो. आज समुद्राच्या निळाईत शोषणाचा वाटा मोठा मानतात. जड पाण्यात हे तांबड्याचे शोषण नसते आणि म्हणून त्यास तो रंगही नसतो. परंतु प्रतिबिंबाची गोष्ट मात्र आमचीच चूक. ढगाळ दिवशी पृष्ठभाग राखाडी दिसतो तो तेवढा प्रतिबिंबाचा.

आता डोळा. भिंगात प्रथिने ठासून भरलेली असतात, वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक. इतके कण असून ते पारदर्शक कसे? सूनबाईंनी एस्टीचा दाखला दिला, आणि तो आम्हांस पंगतीहूनही पटला. गाडी निम्मी रिकामी असली म्हणजे माणसे ओळखीच्याजवळ सरकून कुठे घोळका, कुठे मोकळी बाके अशी बसतात. गाडी खचाखच भरली, की घोळका करावयास जागाच उरत नाही. सगळीकडे सारखीच दाटी. भिंगातील प्रथिने अशी एकमेकांस जागच्या जागी दाबून धरतात. चढउतार होत नाहीत, शिल्लक उरत नाही, आणि प्रकाश सरळ पार जातो. पुढे वयाबरोबर ती प्रथिने एकमेकांस चिकटू लागतात. आमच्याकडे पंगतीस पाहुणे एकेकटे न येता मुलाबाळांसह येतात आणि मग पानांचा अंदाज वर्गमुळाहून कितीतरी अधिक चुकतो, हे प्रत्येक गृहिणी जाणते. तसेच येथे होते. प्रथिनांची कुटुंबेच्या कुटुंबे बनली की चढउतार वाढतात. ती तरंगलांबीएवढी झाली, की सर्व रंग सारखेच विखुरतात आणि बुबुळामागे पांढरा पडदा दिसतो. रात्री समोरून मोटार आली म्हणजे दिव्याभोवती जे तेजाचे मोठे खळे आम्हांस भोवत होते, ते हेच. पिवळेपणाचे कारण मात्र वेगळे. तो रंग भिंगात साचलेल्या द्रव्याचा, विखुरण्याचा नव्हे.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. भिंगाच्या मध्यभागातील प्रथिने कधी बदलली जात नाहीत. ती जन्मापूर्वी, आईच्या उदरात असताना तयार झालेली असतात, आणि जन्मभर तीच पुरवावयाची. आमची आई जाऊन बावीस वर्षे झाली. त्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या उजव्या डोळ्यातून काय काढून टाकले, हे समजल्यावर त्या रात्री आम्हांस लवकर झोप आली नाही.

माघात आम्ही त्या गावी गेलो. घरी सांगितले, की जुन्या स्नेह्यांस भेटावयाचे आहे. सूनबाईंस मात्र खरे सांगितले होते. त्यांनी जाताना एक काळा चष्मा दिला आणि म्हणाल्या, "उन्हासाठी घाला. पण हा लोलकासारखाच आहे बरे का. मान कलती करून पाहा."

तो गृहस्थ, आता मुलगा म्हणवत नाही, पन्नाशीचा, केस पिकलेले, बंदरावर जाळे विणीत बसला होता. त्याची स्वतःची यांत्रिक होडी आहे, दोन मुलगे हाताशी आहेत. आम्हांस त्याने आवाजावरून ओळखले. आम्ही ती गोष्ट काढली. तो हसला. "छड्या पुष्कळ खाल्ल्या, गुरुजी, कुठली कशाची ते कोण लक्षात ठेवतो?" आम्ही म्हटले, "ती मी लक्षात ठेवली आहे. तुझे बरोबर होते. समुद्र निळाच असतो." वर्गात, घरी, लेखनात आम्ही आमच्यापुरते 'आम्ही'च म्हणत आलो, त्या वाक्यात ते तोंडातून निघेना. त्याने जाळ्याची गाठ दाताने ओढून घट्ट केली आणि थोडा वेळ आमच्याकडे पाहून म्हणाला, "हे सांगायला एवढ्या लांब आलात?"

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हांस बरोबर नेले. किनाऱ्याजवळ पाणी गढूळ, मग हिरवे. आम्ही अधीर होऊन विचारले तेव्हा म्हणाला, "पंधरा-वीस वावांत निळं कुठलं, गुरुजी? अजून बाहेर." पुष्कळ वेळाने यंत्र थांबले. आम्ही कडेस धरून चष्मा घातला, आणि लंबापासून ५३ अंश अंदाजाने साधून पाहू लागलो. पाण्यावरची चकाकी गेली. खाली गडद, खोल, स्वतःची अशी निळाई. मान आडवी केली तो चकाकी परत. सरळ केली तो पुन्हा गडप. आम्ही मान एकदा इकडे, एकदा तिकडे करीत राहिलो. तो धावत आला. "गुरुजी, मळमळतंय काय? खाली बसा, लिंबू देतो."

आम्ही चष्मा काढून त्याच्या हातात दिला आणि काय करावयाचे ते सांगितले. त्याने तो चढविला, कडेवरून ओणवा होऊन मान कलती केली, सरळ केली, पुन्हा कलती केली. मुलगे एकमेकांकडे पाहून हसू लागले. त्याचे तिकडे लक्ष नव्हते. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग खाली पाहत तसाच म्हणाला, "यातनं मासा चांगला दिसंल."

परतताना ऊन पाण्यावरून थेट तोंडावर येत होते. आम्ही उपरण्याने डोळे झाकून घेतले. चष्मा त्याच्याच नाकावर होता आणि तो परत मागावा, असे काही आम्हांस वाटले नाही. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढील महिन्यात आहे.